जोशांचा वाढदिवस

दर वर्षी ५ जानेवारी आली की मी मनातल्या मनात एका जोशांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो. हे जोशी कोण, कुठले, हयात आहेत की नाहीत, मला काही ठाऊक नाही. आमच्या नात्यात जोशी पुष्कळ आहेत (त्यातले काही हा ब्लॉग नेमाने वाचतात), पण त्यांच्यापैकी हे नव्हेत. हे जोशी एका संगणक-विषाणूच्या पोटात राहत असत. १९९० च्या जूनमध्ये हा विषाणू आपल्या देशात सापडला. ५ जानेवारीला संगणक सुरू केला की तो अडून बसे आणि पडद्यावर हुकूम येई, ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. निमूटपणे तेवढे टाइप केले की स्वारी पुन्हा कामाला लागे.

एवढ्यावरून वाटेल की कोणा वात्रट पोराने केलेली थट्टा. पण या जोशांच्या अंगात आणखी एक कला होती. संगणकाला विचारले, ‘तुझ्यात विषाणू आहे का?’ तर जोशी मध्येच ते विचारणे अडवत आणि संगणकाच्या तोंडून उत्तर देत, ‘छे, मुळीच नाही.’ आजचा लेख या खोटे बोलण्याच्या कलेबद्दल आणि तिच्यावर माणसांनी काढलेल्या उताऱ्याबद्दल आहे. त्या उताऱ्याला रेस्क्यू डिस्क म्हणतात.

आता इतिहासाच्या मास्तराने या भानगडीत का पडावे, असे तुम्ही विचाराल. त्याला कारण आमचा कुलवृत्तांत.

नातेवाइकांना हा भाग ठाऊक आहे, पण इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आमचे मूळ घर पुण्यात नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. माणसे वाचली, पण माळ्यावर न ठेवलेले सगळे गेले. त्यात घरचे दप्तरही गेले. वंशावळ, जुनी पत्रे, आजोबांच्या वह्या, सगळ्याचा लगदा झाला. मे २००८ मध्ये निवृत्त झाल्यावर मी ते पुन्हा उभे करायला घेतले. साताऱ्याच्या घरी आदल्याच वर्षी संगणक आणला होता. गावोगावच्या मंडळींना पत्रे धाडली, उत्तरे आली ती टाइप केली. आणि त्या वर्षीच्या दिवाळीत आक्काआत्या महिनाभर आमच्याकडे राहायला आल्या. वय ८६, पण स्मरण लख्ख. रोज सकाळी चहा झाला की त्या पलंगावर बसून सांगत आणि मी थेट संगणकावर उतरवून घेई. कागदावर नाही, थेट. या ‘थेट’चा मला तेव्हा मोठा अभिमान होता. पुढच्या श्रावणात आक्काआत्या गेल्या.

२०१० च्या मार्चमध्ये संगणक बिघडला. त्याआधी एकदा काही पाने छापायला पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो, बहुधा तिथूनच प्रसाद मिळाला असावा. यंत्र रेंगाळू लागले. टास्क मॅनेजर उघडेना. सेफ मोडमध्ये जावे तर निळा पडदा. सगळ्यात चमत्कारिक म्हणजे इतर सगळ्या वेबसाइटी उघडत, फक्त अँटिव्हायरस कंपन्यांच्या तेवढ्या उघडत नसत. आणि संगणकातला अँटिव्हायरस शांतपणे सांगत होता, सर्व काही ठीक आहे.

सीपीयू रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो मुलगा न बघताच म्हणाला, “काका, फॉरमॅट मारायला लागेल.” सी ड्राइव्हवरचे सगळे डी वर टाकून त्याने फॉरमॅट मारला, पैसे घेतले. आठवड्यात रोग परत. पुन्हा नेला. “आता दोन्ही ड्राइव्ह उडवू, म्हणजे कटकट नाही.” कटकट नाही! डी ड्राइव्हमध्ये आक्काआत्या होत्या. मी सीपीयू उचलला आणि रिक्षाला हात केला. गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांनी त्या काळात ‘फॉरमॅट मारतो’ म्हणत किती घरांची दप्तरे बुडवली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पानशेतचा निदान ठेवला गेला.

त्या शनिवारी पुण्याहून पुतण्या आला. हिंजवडीत नोकरी करतो. त्याने यंत्र सुरूसुद्धा केले नाही. पिशवीतून एक सीडी काढली आणि म्हणाला, “काका, तुम्ही चोरालाच विचारताय चोरी झाली का म्हणून. बाहेरचा साक्षीदार आणलाय मी.”

हे वाक्य ऐकले आणि माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांचे बखरींशी भांडण नेमके हेच होते. ज्याच्या पदरी लिहिली, त्याच्या सोयीचे बखर सांगणार. मग वाईला सापडलेला पानिपतच्या काळचा अस्सल कागद समोर ठेवायचा आणि बखर त्याच्याशी ताडून बघायची. आजारी संगणकाने स्वतःबद्दल दिलेला अहवाल ही बखर आहे. हे कळले आणि मी पुतण्याला प्रश्न विचारत सुटलो. पुढची काही वर्षे मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जी हकीगत जुळली ती अशी.

संगणकाचे बटण दाबले की पहिल्या क्षणी त्याला काही म्हणजे काही आठवत नसते. आतल्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कोरलेला असतो, जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत. बायोसने डिस्कचा पहिला कप्पा, जेमतेम ५१२ बाइटांचा, उचलायचा आणि यंत्राचा ताबा त्याच्याकडे देऊन मोकळे व्हायचे. मग तो कप्पा पुढच्याला उठवतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी आपल्याला विंडोज दिसते. आमच्या शाळेत पहाटे फाटक उघडणारा शिपाई असे. त्याच्याकडे किल्ल्यांचा जुडगा. हेडमास्तर अकराला येणार. आता कोणी परक्याने रात्रीच तो जुडगा हस्तगत केला आणि शिपायाचा डगला घालून फाटकात उभा राहिला, तर हेडमास्तरांनी “सगळं ठीक ना रे?” विचारल्यावर उत्तर कोण देणार?

हा डगला पहिल्यांदा घालणारा पीसीवरचा विषाणू १९८६ चा, लाहोरचा. नाव ब्रेन. बासित आणि अमजद फारुक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला. आपण लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला होऊ नयेत म्हणून केला, असे त्यांचे म्हणणे. गंमत म्हणजे विषाणूच्या आत त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता, फोन नंबर सगळे घातले होते, लेटरहेडवर छापावे तसे! १९८७ मध्ये तो अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात जाऊन पोचला. ब्रेन फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यात बसे आणि मूळचा कप्पा फ्लॉपीवरच दुसरीकडे जपून ठेवी. कोणी पहिला कप्पा वाचायला गेले की हा त्याचा हात धरून त्याला जपून ठेवलेल्या मूळ कप्प्याकडे नेई. पाहणाऱ्याला निर्मळ फ्लॉपी दिसे. आपल्या जोशांनी हीच युक्ती हार्ड डिस्कवर केली.

फ्लॉपी वापरलेल्यांना एक संदेश आठवत असेल, ‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’. फ्लॉपी आत विसरून संगणक सुरू केला की हा दिसे, आपण ती काढून कुठलेही बटण दाबत असू. मला वाटे हा संगणक बोलतो आहे. तसे नव्हते. ते फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यातल्या प्रोग्रामचे बोलणे. म्हणजे तोवर त्याला ताबा मिळून गेलेला असे, आणि त्याच्या जागी विषाणू असला तर कामही फत्ते झालेले असे. फ्लॉपीवर नुसती पत्रे असली तरी लागण होत असे, ती अशी.

यावर उतारा एकच होता. वीज पूर्ण बंद करायची. नुसते कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून भागत नसे, कारण ती तीन बटणेसुद्धा काही विषाणू मधल्या मध्ये झेलत आणि बंद झाल्याचे सोंग करत. वीज बंद केली की यंत्राची तात्पुरती स्मृती पुसली जाते. मग खात्रीच्या, स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे. या वेळी शिपाई आपला. तो हार्ड डिस्ककडे बाहेरून बघतो. डिस्कवरचा विषाणू तेव्हा झोपलेला असतो, उठून खोटे बोलायला त्याला कोणी ताबाच दिलेला नसतो. सगळी मेख एवढीच. पुढे फ्लॉपी जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेन ड्राइव्ह आला, पण तत्त्व तसूभर बदललेले नाही.

मात्र ती स्वच्छ फ्लॉपी स्वच्छ राहिली पाहिजे, नाहीतर वैद्यालाच रोग. म्हणून सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला असलेल्या खाचेवर एक चिकटपट्टी लावायची. मग ड्राइव्ह तिच्यावर काही लिहीतच नसे. साडेतीन इंचीला कोपऱ्यात सरकती खिडकी असे, तिच्यात उलटा न्याय, खिडकी उघडी असली तर लिहिणे बंद. यात घोटाळा करून किती जणांनी आपल्या औषधाच्या फ्लॉप्या नासवल्या असतील देव जाणे. न्यूझीलंडमधून निघालेला स्टोन्ड, दर ६ मार्चला डिस्कवर कचरा लिहिणारा मायकेलअँजेलो, आपले जोशी, या सगळ्यांशी माणसे त्या चिकटपट्टीच्या आणि एफ-प्रॉटसारख्या प्रोग्रामांच्या जोरावर लढली. एफ-प्रॉट आइसलंडचा. फ्रिड्रिक स्कूलासन या गृहस्थांचे काम, घरगुती वापराला फुकट.

मायकेलअँजेलोची जगभर हाकाटी झाली ती १९९२ मध्ये. लाखो संगणक मरणार म्हणून वर्तमानपत्रांनी ओरड केली, मेले त्याच्या मानाने फारच थोडे. पण आपल्याकडे त्याचा एक वेगळा परिणाम झाला. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर संगणक दुरुस्तीत शिरले होते. त्यांचा धाकटा भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होता. दुकानात येणाऱ्या आजारी यंत्रांसाठी त्याने उतारे लिहिले, त्यात मायकेलअँजेलोचाही होता. त्यातूनच १९९५ मध्ये क्विक हील उभे राहिले. थोरला कॉलेजात न गेलेला, धाकटा शिकणारा आणि थोरल्याच्या दुकानातल्या रोग्यांवर प्रयोग करणारा. मास्तर म्हणून मला ही जोडी फार आवडते. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येही ‘इमर्जन्सी डिस्क’ करून ठेवायची सोय होती. आमच्यापैकी किती जणांनी ती वेळेवर करून ठेवली, हा वेगळा प्रश्न. मी तरी नाही.

फ्लॉपीत मावते १.४४ एमबी. विषाणूंची यादी फुगत गेली तशा एकाच्या दोन, दोनाच्या चार फ्लॉप्या झाल्या. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले आणि त्याच्याबरोबर घराघरांत डिस्कवर फायली मांडण्याची एनटीएफएस नावाची निराळी पद्धत आली. डॉसच्या फ्लॉपीला ती वाचताच येईना. म्हणजे साक्षीदार बाहेरचा खरा, पण त्याला मोडी येत नाही आणि कागद सगळे मोडीत! जुनी सगळी हत्यारे एका फटक्यात निकामी झाली.

सुटका झाली ती दोन वेगळ्याच वाटांनी. एक, सीडीवरून संगणक कसा सुरू करायचा याचा नियम फीनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी १९९५ मध्ये ठरवला होता. त्याचे नाव एल टोरिटो, आणि ते म्हणे एका खानावळीच्या नावावरून ठेवले. दुसरी, जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये नॉपिक्स नावाची लिनक्सची सीडी काढली. हार्ड डिस्कला बोटही न लावता सगळा संगणक एका सीडीवरून चालतो. ७०० एमबीच्या सीडीत दाबून दाबून सुमारे २ जीबीचा संसार भरलेला. पुढे २००७ च्या सुमारास लिनक्सला एनटीएफएसवर भरवशाने लिहिताही येऊ लागले. मग काय, अँटिव्हायरस कंपन्यांनी लिनक्सच्या पाठीवर आपापले तपासनीस बसवले आणि सीड्या फुकट वाटल्या. रशियाची कॅस्परस्की, रुमानियाची बिटडिफेंडर, फिनलंडची एफ-सिक्युअर, जर्मनीची अविरा, चेक देशातली एव्हीजी. आपले विंडोज वाचवायला आत लिनक्स येऊन बसे, आणि बहुतेकांना याचा पत्ताही नसे.

याच सुमारास खोटे बोलण्याच्या कलेलाही नवी धार आली. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीड्या संगणकात घातल्या की त्या एक छुपे सॉफ्टवेअर बसवत. ते स्वतःला असे दडवे की ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल विंडोजला दिसेनाशी होई. मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ ला ते उघडकीला आणले. चोर नव्हे, सावकाराच्या पेढीनेच घरात शिरून दडून बसावे, तशातला प्रकार. २००८ च्या आगेमागे मेब्रूट नावाचा विषाणू आला, तो तर हार्ड डिस्कच्या पहिल्या कप्प्यातच बसला. वीस-बावीस वर्षांनी लाहोरची युक्ती परत. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक दुरुस्ती पाठवली आणि कित्येक संगणक सुरूच होईनात. चौकशीत निघाले की त्या यंत्रांत अल्युरिऑन नावाचा विषाणू आधीपासून दडला होता, नव्या दुरुस्तीशी त्याचे जमले नाही. तोवर त्या घरांत सर्व काही ठीकच होते!

तर आमच्याकडचा तो शनिवार. पुतण्याने सीडी पुण्यातच राइट करून आणली होती. आमच्या यंत्रावर ती उतरवता आलीच नसती, तिथे त्या वेबसाइटी बंद होत्या आणि झाल्या असत्या तरी रोगी यंत्रावर केलेल्या औषधाचा भरवसा काय? एकदा लिहिलेल्या सीडीवर मात्र कोणी पुन्हा लिहू शकत नाही, त्यामुळे चिकटपट्टीची भानगडच नाही. सुरू करताना एक बटण दाबून त्याने ‘आधी सीडी बघ’ असे यंत्राला सांगितले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी झरझर वर गेल्या, मग खिडक्यांसारखे काहीतरी दिसले. मी घाबरून विचारले, “अरे, सी आणि डी कुठे आहेत?” लिनक्समध्ये त्यांची नावे वेगळी, काहीतरी एसडीए एक, एसडीए दोन अशी. माझ्या जिवात जीव यायला पाच मिनिटे लागली.

संध्याकाळी सातला तपासणी सुरू झाली. ८० जीबीची डिस्क. सौ. नी जेवायला दोनदा हाक मारली. नऊच्या सुमारास पहिली लाल ओळ उमटली. सॅलिटी. मग दुसरी, तिसरी, आणि मग पाऊस. २००३ पासून फिरणारा हा विषाणू प्रोग्रामांच्या फायलींना चिकटतो, सेफ मोड मोडतो, टास्क मॅनेजर बंद करतो, अँटिव्हायरसच्या वेबसाइटी अडवतो. सगळी लक्षणे तंतोतंत. आणि दुरुस्तीवाल्याचे काय चुकले तेही दिसले. सी पुसला तरी डी वर ठेवलेल्या प्रोग्रामांत तो होताच, त्यातला एक उघडला की घर पुन्हा त्याचे.

“आणि माझं लिखाण?” मी विचारले. पुतण्या म्हणाला, “हा प्रोग्रामला चिकटतो, काका. लेखनाच्या फायलींना हात लावत नाही.” रात्री साडेबाराला त्याने त्या सीडीवरूनच डी ड्राइव्हचे फोल्डर उघडून दाखवले. आक्काआत्यांची सगळी प्रकरणे जागच्या जागी. ती त्याने लगेच नव्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. विषाणू झोपलेला असताना केलेली नक्कल, म्हणून बिनधोक. इतकी वर्षे मी रेस्क्यू डिस्क म्हणजे विषाणू मारणारी चीज समजत होतो. तिचा खरा उपयोग मला त्या रात्री दिसला. घर पेटले असताना दप्तर बाहेर काढायला ती उघडते ते दार.

पहाटे चारला काम संपले. हजारावर फायली बाधित, बहुतेक दुरुस्त, काही पुसाव्या लागल्या. त्या पुसलेल्यांत माझ्या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचा मुख्य प्रोग्राम होता. त्याची मूळ सीडी केव्हाच हरवली होती. फायली शाबूत, पण त्यात आता काना-मात्रासुद्धा बदलता येईना. त्या जुन्या पद्धतीत आत साठवलेली अक्षरे खरे तर इंग्रजीच असत, वरून मराठी फॉन्टचा मुखवटा. मुखवटा काढला की आक्काआत्यांचे बाळंतपणाचे वर्णन म्हणजे स्वल्पविराम, कंस आणि आकड्यांची रांगोळी. म्हणून मग मी युनिकोड शिकलो आणि त्यांचे सगळे सांगणे पहिल्यापासून पुन्हा टाइप केले. दीड महिना लागला. दुसऱ्यांदा टाइप करताना लक्षात आले की पहिल्या वेळी घाईत मी त्यांची कित्येक वाक्ये ‘शुद्ध’ करून टाकली होती. ती आता मूळची कशी होती हे सांगायला कोणी नाही. विषाणूने केलेले नुकसान भरून आले, हे माझे मी केलेले. असो. युनिकोड हाताला बसले तेव्हा हा ब्लॉग सुरू झाला, एवढे मात्र सॅलिटीचे उपकार.

पुढची हकीगत थोडक्यात. त्या सीड्यांची सद्दी फार टिकली नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आले. म्हणजे यंत्र आता फाटकावरच्या शिपायाचे ओळखपत्र बघते, शिक्का नसला तर आत घेत नाही. विषाणूंना रोखायचे ते, पण बाहेरून येणाऱ्या जुन्या वैद्यालाही तोच नियम. शिवाय डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद असतो. २०२४ पासून विंडोज ११ च्या नव्या यंत्रांत हे कुलूप बहुधा आपोआपच लागते. बाहेरचा साक्षीदार आला तरी कुलपाचा लांबलचक आकडा आपल्यापाशी नसेल तर त्याला दिसणार काय, नुसती रांगोळी. मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून विंडोज १० मध्ये आणि पुढे ११ मध्येही ‘डिफेंडर ऑफलाइन’ दिले आहे. यंत्र बंद होऊन वेगळ्या छोट्या विंडोजमधून उठते आणि मोठ्या विंडोजची तपासणी करते. सोय चांगली आहे, पण तो साक्षीदार त्याच वाड्यातला, फक्त दुसऱ्या खोलीत राहणारा. मला त्याचा भरवसा थोडा कमीच वाटतो. पुतण्या म्हणतो हा माझा म्हातारपणाचा संशय आहे.

पण तो निव्वळ संशय नाही. २०१८ मध्ये एसेट या कंपनीला लोजॅक्स नावाचा विषाणू सापडला. तो डिस्कवर नव्हताच, फाटक उघडणाऱ्या त्या चिपमध्येच होता. डिस्क बदला, विंडोज नवे घाला, तो तिथेच. सीडीलाही ताबा देणारी तीच चिप, म्हणजे आपण आणलेल्या साक्षीदाराला दारातून आत घेणाराच त्यांचा माणूस. केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली छापून आलेल्या आपल्या व्याख्यानात हेच सांगितले होते, की जो प्रोग्राम पूर्णपणे तुम्ही स्वतः लिहिलेला नाही त्याच्यावर तुमचा विश्वास किती खोल जाणार? त्याच साली फ्रेड कोहेन यांनी दाखवले की प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारा प्रोग्राम लिहिताच येणार नाही. ब्रेन जन्मायच्या दोन वर्षे आधी! राजवाड्यांनाही अस्सल म्हणून बनावट सनदा दाखवणारे भेटलेच असतील.

ती सीडी माझ्या कपाटात आहे. वर पुतण्याच्या अक्षरात तारीख आणि ‘काका, ही फेकू नका’. माझ्या आताच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही.

कुलवृत्तांत २०१२ मध्ये छापून झाला, तो तुम्हा सर्वांकडे आहे. दुसरी आवृत्ती करायचे चालले आहे. नवी लग्ने, नवी बाळे, दुरुस्त्या असतील त्या ईमेलने किंवा साध्या पोस्टाने कळवाव्यात. मागच्या खेपेला एका मेहुण्यांनी पेन ड्राइव्ह पाठवला होता, तो मी उघडलेला नाही आणि उघडणारही नाही. त्यांनी राग मानू नये.